बंद वावरातली केळ

ज्योत्स्नाबाईंच्या वावरात एक केळ निसवली, आणि त्या दचकल्या.

नांदखेड्यात दुसऱ्या कुणाच्या बागेत केळ निसवली, पोंग्यातून जांभळं कमळ बाहेर डोकावलं, की घरातली बाई कौतुकानं बघायला जाते. घड किती फण्यांचा होईल याचा अंदाज बांधते. ज्योत्स्नाबाईंनी हातातली बादली खाली ठेवली, इकडेतिकडे पाहिलं आणि एक वाळलेलं पान ओढून त्या कमळावर घातलं, चोरीच्या मालावर घालावं तसं. मग स्वतःलाच म्हणाल्या, "झाकून काय होतंय? कोंबडं झाकल्यानं तांबडं फुटायचं राहतंय होय!"

या वावरात आठ वर्षांत एकही केळ निसवली नव्हती. निसवायचीच नव्हती. इथल्या केळीनं मरायचं, हेच तिचं काम. आणि ती कशी मरते ते बघत राहायचं, हे ज्योत्स्नाबाईंचं.

ही गोष्ट समजायला थोडं मागं जावं लागेल. तापीच्या खोऱ्यात मर रोग आला तेव्हा लोकांना वाटलं, एखाददुसरं वर्ष जाईल आणि रोगही जाईल. तो गेला नाही. मातीतली एक बुरशी केळीच्या मुळांतून आत शिरते आणि खोडातल्या पाण्याच्या नळ्या बुजवून टाकते. झाड पाण्यात उभं असून तहानेनं मरतं. पानं कडेनं पिवळी पडतात, देठाशी मोडतात आणि खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबतात. औषध नाही. झाड उपटलं तरी बुरशीचे बीजाणू मातीत तीस-तीस वर्षं दबा धरून बसतात. केळीवर उभी राहिलेली गावं तेव्हा एकामागून एक पिवळी पडत गेली.

मग संशोधन केंद्रातल्या लोकांनी उलटा विचार केला. बुरशी जर झाडाचा आजार, तर बुरशीचा आजार कोणता? तो त्यांना सापडला. बुरशीच्या पेशीत राहणारा एक विषाणू. तो बुरशीला मारत नाही. तिच्या घरात शिरून तिचा कारभार बदलतो. बुरशीजवळ काही हजार जनुकं असतात, पण ती सगळी एकाच वेळी कामावर नसतात. हंगाम बघून मजूर बोलवावेत तशी ती गरजेप्रमाणे जागी होतात. विषाणू आला की विष बनवणारी, मुळाची भिंत विरघळवणारी जनुकं घरी बसतात. उलट विषाणूशी झगडणारी जनुकं दिवसरात्र राबायला लागतात. सगळं बळ त्या झगड्यातच खर्च झालं की केळीवर हल्ला कोण करणार? बुरशी जिवंत राहते, मुळांशी राहते, पण एखाद्या थकलेल्या पाहुण्यासारखी.

अडचण एकच होती. या विषाणूला पाय नाहीत. तो वाऱ्यावर उडत नाही, पाण्यात वाहत नाही. बुरशीचा एक धागा दुसऱ्याला भेटला आणि दोन्ही एकजीव झाले, तरच तो पलीकडे जातो. आणि बुरशी फार सोयरीक बघणारी. समोरचा धागा आपल्यातला निघाला तर एकजीव. परका निघाला तर भेटीच्या जागी दोन्हीकडच्या पेशी मरून पडतात आणि मेलेल्यांचा एक बारीक बांध तयार होतो. केंद्रातला हा विषाणू नेमका तिथंच वेगळा होता. आपलं-परकं ओळखणारी जनुकंच तो गप्प करी. त्याची बाधा झालेली बुरशी भेटेल त्या धाग्याला जवळ करी.

हे सगळं प्रयोगशाळेत खरं ठरलं. शेतात खरं ठरवायचं तर एक वावर तसंच, रोगट सोडायला हवं होतं. नाहीतर केळी विषाणूमुळे जगल्या की चांगल्या पावसामुळे, हे कोण सांगणार? म्हणून नांदखेड्यातलं एक वावर बंद ठेवायचं ठरलं. भोवती खंदक, खंदकाला प्लास्टिकचं अस्तर, आत जाण्यायेण्याची एकच वाट, आणि बांधाकडे फक्त केंद्राच्या माणसांसाठी खंदकावर टाकलेली एक फळी. कोणाचं वावर, यासाठी देवळात चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली हेमराज नेहेत्यांची. ज्योत्स्नाबाईंच्या यजमानांची.

त्या वेळी देवळात बायकांच्या बाजूला त्यांची थोरली जाऊ पुष्पाबाई बसली होती. दोघा भावांची वावरं लागून, मध्ये नुसता बांध. चिठ्ठी वाचली गेली आणि पुष्पाबाईच्या तोंडून निघून गेलं, "चला, आपलं तरी वाचलं."

तेवढंच. पण ज्योत्स्नाबाईंनी ते ऐकलं आणि सगळ्या देवळादेखत म्हणाल्या, "ताई, आजपासून तुमच्या पायाची धूळ माझ्या वावरात नको."

त्याच महिन्यात खंदक खणला गेला, आणि पायाची धूळ कुणाचीच यायला बंदी झाली. बाहेर जायचं तर वाटेवरच्या खोलीत अंघोळ करायची, वेगळी साडी नेसायची, वेगळ्या चपला घालायच्या. एवढं करूनही बाजारात बायका ज्योत्स्नाबाईंपासून जरा अंग चोरून उभ्या राहत. त्यांचाही दोष नव्हता. ज्यांनी एकदा पिवळी बाग पाहिली आहे त्यांना भीती वाटणारच. केंद्र दोन माणसांचं भागेल एवढं देत होतं, पण माणसं काही देऊ शकत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी हेमराज गेले तेव्हा खांदा द्यायला आलेल्यांना रबरी बूट घालावे लागले. तो चिखलातून जाणारा बुटांचा फचफच आवाज ज्योत्स्नाबाईंच्या कानांतून गेला नाही. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर वावरातल्या घरात त्या एकट्याच.

आता हा शेवटचा हंगाम होता. तो संपला की केंद्र त्यांच्या वावरातही विषाणू सोडणार होतं, खंदक बुजवणार होतं. पुष्पाबाईच्या नातीचं लग्न पुढच्या वर्षी आहे हे त्यांना बाजारात कळलं होतं. आमंत्रण येईल न येईल. पण आलं तर जाता येईल, एवढं तरी.

आणि अशा वेळी ही केळ निसवली होती. प्रयोगाच्या ओळीतली नव्हे. घरामागे मोरीचं पाणी जातं तिथं, शेवग्याजवळ, फेकून देण्यातलं एक पील, केळीच्या बुडाशी फुटणारा कोंब, त्यांनी उगाच खोचलं होतं. मरायचं तर इथं मर, म्हणून. ते मेलं नव्हतं.

दोन दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दोन दिवस सकाळी उठून त्या कमळ बघायला गेल्या, एक-एक पाकळी वळताना पाहिली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा आपल्या वावरात काहीतरी वाढताना पाहून त्यांना इतकं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. मग त्यांनी केंद्राला फोन लावला.

केंद्रातून डॉक्टर तन्वीर पिंजारी आले. पस्तिशीचा, बारीक, सतत घाईत असलेला माणूस. बुरशीशास्त्रज्ञ. दर महिन्याला ओळींतले नमुने न्यायला तेच यायचे; बोलायला म्हणून महिन्यातून येणारं ते एकच माणूस.

"काकू, फोनवर तुमचा आवाज असा होता, मला वाटलं साप निघाला."

"साप परवडला असता, बापू. बघ."

तन्वीरनी वाळलेलं पान बाजूला केलं आणि कमळ पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी गाडीतून कानकाठी आणली. तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण शेतकरी तिला कानकाठी म्हणत, कारण ती मातीचं ऐकते. हातभर लांब, टोकाशी सुईसारखी. ती मातीत खुपसली की भोवतालच्या बुरशीचे धागे चाचपते आणि त्यांच्यातली कोणती जनुकं जागी आहेत, कोणती झोपली आहेत, हे सोबतच्या काचेच्या पाटीवर दाखवते. विषाणू असेल तर तोही वाचते.

तन्वीर वाकून एकेका जागी काठी खुपसत गेले. ज्योत्स्नाबाई मागून चालत राहिल्या. काठीनं टिंग केलं की ते थांबत, नि पुढं जात. शेवग्यापासून बांधापर्यंत, बांधापासून परत.

"बुरशी आहे," शेवटी ते म्हणाले. "भरपूर आहे. पण विषाची जनुकं गप्प आहेत. विषाणू आलाय, काकू."

"कसा येईल? त्याला पाय नाहीत, तूच सांगतोस."

"त्याला नाहीत." तन्वीरनी पाटी त्यांच्यासमोर धरली. "हे बघा."

पाटीवर ज्योत्स्नाबाईंच्या वावराचं चित्र होतं. सगळं लाल, लाल म्हणजे रोगट. पुष्पाबाईच्या बांधाकडून मात्र एक हिरवी रेघ आत येत होती. बारीक, जरा वाकडी, बैलगाडीच्या वाटेसारखी. ती शेवग्यापाशी येऊन थांबत होती आणि तिथं ताटाएवढा हिरवा गोल झाला होता. गोलाच्या मधोमध रंग गडद.

"धागे वर्षाला काही बोटंच सरकतात," तन्वीर म्हणाले. "म्हणून पसारा बघितला की वय सांगता येतं. रेघ आपोआप पसरली असती तर कडेला जुनी आणि इकडं नवी असती. तसं नाही. मधला हा गोल सगळ्यांत जुना आहे. चार-पाच वर्षं. म्हणजे माती इथं येऊन पडत होती. पायांनी. कुणीतरी बांधावरून येतं, इथं उभं राहतं, आणि परत जातं. एकदा नाही. कित्येकदा."

ज्योत्स्नाबाईंनी शेवग्याकडे पाहिलं. तिथं काहीही नव्हतं. चोरायला लाकूड नव्हतं, पाणी नव्हतं, वाट नव्हती.

"आणि काकू, कोण येतं तेही कळेल. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ना, तसं या विषाणूचं आहे. स्वतःची नक्कल करताना तो कुठंतरी चुकतो, आणि चुका साठत जातात. आठ वर्षांत प्रत्येक वावरातल्या विषाणूची बोली वेगळी झालीय. काठीनं ती वाचलीय." त्यांनी पाटी खाली घेतली. "नियम तुम्हाला माहीत आहे."

माहीत होता. देवळातच वाचून दाखवला होता. बंद वावरात जो कुणी शिरेल त्याचं वावर पुढची पाच वर्षं बंद. त्याच्या भोवती खंदक, त्याच्या दाराशी अंघोळीची खोली. आणि धारकाच्याच हातून चूक झाली असेल तर त्याची मुदत तीन वर्षांनी वाढणार.

"मी जरा गाडीतून पिशव्या आणतो," तन्वीर म्हणाले आणि गेले.

ज्योत्स्नाबाई शेवग्याजवळ गेल्या. पाटीवर गोल जिथं होता त्या जागी उभ्या राहिल्या. बांधाकडे पाठ केली आणि समोर पाहिलं.

समोर त्यांचा ओटा होता. त्यावर अंथरलेली चटई, चटईवर निवडायला घेतलेली डाळ. ओट्याच्या कडेला धुऊन उपडं घातलेलं एक ताट, एक वाटी, एक पेला. दोरीवर एक लुगडं. भिंतीला टेकलेली ती उशी, जिच्यावर हात ठेवून त्या दुपारी बसत. ओट्यावरून शेवगा नीट दिसत नसे, मधे मोरीची भिंत येई. पण शेवग्यापाशी उभं राहिलं की भिंतीवरून ओटा सगळा दिसत होता. त्या रोज तिथं बसत, डाळ निवडत, कधी रडत, कधी मेलेल्या नवऱ्याशी भांडत, आणि त्यांना वाटे की जगात कुणाचं आपल्याकडे लक्ष नाही.

आपलं घर त्यांनी पहिल्यांदा बाहेरून पाहिलं. किती एकटं दिसत होतं ते! एवढं एकटं असेल असं आत बसून कळत नव्हतं.

पाच वर्षं. हेमराज गेल्यापासून. पुष्पाताई येत होती, इथं उभी राहत होती, बघत होती जाऊ जिवंत आहे की नाही, जेवली की नाही, आणि एक शब्द न बोलता परत जात होती. एवढी ठेच लागली होती तिला देवळातल्या माझ्या त्या एका वाक्याची. की स्वतःच्या वाक्याची?

तन्वीर परत आले. "काकू, तुम्हाला कुणावर संशय?"

"संशय कशाला? मीच गेले होते."

"कुठं?"

"तिकडं. पुष्पाताईच्या बागेत. केळीची पानं हवी होती नैवेद्याला. माझ्याकडं धड पान कुठं असतं? मग परत येताना इथं शेवग्याखाली दम खायला थांबायची."

"दर वेळी?"

"वय झालं, बापू."

"अनवाणी?"

ज्योत्स्नाबाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं.

"कारण बूट असते," तन्वीर म्हणाले, "तर औषधाच्या टाकीत बुडवल्यावर काही उरलं नसतं. चपला असत्या तर त्यांच्या खुणा असत्या. ही माती तळव्यांतून पडलीय. टाचांच्या भेगांतून. येणाऱ्यानं चपला पलीकडं काढल्या आणि मग आत पाऊल टाकलं. मला आत्ता गाडीपाशी ते डोक्यात आलं." त्यांनी कपाळाला हात लावला. "बांधावरच्या पाटीवर आम्हीच लिहिलंय, पादत्राणे बाहेर काढावीत. खाली बारीक अक्षरांत, केंद्राचे बूट घालावेत. खालचं कोण वाचतो? आमच्या अम्मीनंसुद्धा वरचंच वाचलं असतं. देवळात, मशिदीत, स्वयंपाकघरात, चपला काढल्या की माणूस स्वच्छ झाला! ज्यानं हे केलं त्यानं पाटीवरचा नियम मोडला नाही, काकू. जिवापाड पाळला."

"मग झालं तर. मीच पाळला." ज्योत्स्नाबाईंनी ओट्यावर बसून आपली टाच वर केली. भेगा खोल होत्या, त्यांत काळी माती. "बघ. घाल तुझी काठी."

तन्वीर त्या टाचेकडे बघत राहिले. "कानकाठीला खोटं कळत नाही," ते हळू म्हणाले. "मला कळतं. तीन वर्षं वाढतील. हा शेवटचा हंगाम होता. पुढच्या वर्षी हा खंदक बुजला असता."

"ठाऊक आहे."

"त्या बाईंचं वावर बंद झालं तर तुम्ही सुटता."

"कोणत्या बाई?" ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "इथं माझ्याशिवाय बाई कोण आहे?"

तन्वीरनी काठी पुसून ठेवली. मग पाटीवर काहीतरी लिहिलं. जाताना म्हणाले, "तो गोल जाळावा लागेल. केळसुद्धा. आणि बांधावर तार लावावी लागेल. वरून विचारणा होईल, मग मला काही हातात राहणार नाही. पुन्हा कुणी आलं तर... म्हणजे तुम्ही पुन्हा गेलात तर."

"नाही जाणार."

केंद्राची माणसं आली, शेवग्याखालची माती तापवून गेली, निसवलेली केळ कापून पिशवीत घालून घेऊन गेली. बांधाकडची फळी काढली, तिथं काटेरी तार लागली. नव्या पाटीवर बुटांचं चित्रच काढलेलं होतं, अक्षर एकही नाही.

त्यानंतरचे दिवस ज्योत्स्नाबाईंना आधीच्या आठ वर्षांपेक्षा जड गेले. आधी एकटेपणा होता, पण तो सवयीचा होता. घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यासारखा, तिथं काय आहे ते माहीत असतं. आता त्यांना माहीत झालं होतं की इतकी वर्षं आपण एकट्या नव्हतो, आणि हे कळलं त्याच दिवशी ते संपलंही. दुपारी डाळ निवडताना त्या मान वर करून शेवग्याकडे बघत. मोरीची भिंत मधे येई. एकदा त्यांनी पहार घेऊन भिंतीच्या वरच्या दोन विटा काढल्या. शेवगा दिसला. खाली कुणी नव्हतं.

पुष्पाबाई बांधाकडेच फिरकत नव्हती. घाबरली असेल, ज्योत्स्नाबाईंना वाटलं. गावात बातमी पसरली असणार की नेहेत्यांची धाकटी अनवाणी दुसऱ्याच्या बागेत जायची, म्हणून तिची शिक्षा वाढली. हे ऐकून पुष्पाबाईला काय वाटलं असेल? कळलं असेल का तिला? की तिला वाटलं असेल, खरंच ज्योत्स्नाही माझ्याकडं येत होती?

हा विचार आला आणि ज्योत्स्नाबाई डाळ निवडता निवडता थांबल्या.

माती खंदकापलीकडे जायला बंदी होती. बुरशीला बंदी होती, बुरशीच्या विषाणूला होती, पायांना होती. बोलायला कुणी बंदी केली होती? कोणत्या पाटीवर लिहिलं होतं? आठ वर्षं खंदकाकडे बोट दाखवून त्या दोघी गप्प बसल्या होत्या, आणि खंदक होता सहा हात रुंद. त्यावरून हाक सहज गेली असती. ते बुरशीचे मूर्ख धागेसुद्धा, विषाणू भेटल्यावर, परका कोण ते विसरले होते.

त्यांनी चटई उचलली आणि आपल्या बाजूनं खंदकाच्या कडेला, तारेपासून जरा अंतर ठेवून अंथरली. पलीकडे पुष्पाबाईची बाग हिरवी गर्द उभी होती. पानांत पान, आतलं काही दिसत नव्हतं. ज्योत्स्नाबाई बसल्या. काय बोलावं हे सुचेना. इतक्या वर्षांत तोंडाला सवयच राहिली नव्हती.

"आज डाळीत खडे फार निघाले," त्या केळींना म्हणाल्या.

केळी हलल्या. वारा होता.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा जाऊन बसल्या. तन्वीरच्या पोराला दात आले म्हणून सांगितलं, आपला गुडघा धरतो म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी काहीच सुचलं नाही तर हेमराजचं एक जुनं भांडण सांगितलं आणि स्वतःच हसल्या. कुणी ऐकतंय का, हे बघायला त्यांनी मान उंच केली नाही. एकदा पलीकडून जाणाऱ्या मजुरानं थांबून पाहिलं आणि तो घाईनं पुढं गेला. गावात आता म्हातारी केळींशी बोलते असं झालं असणार. होऊ दे, म्हणाल्या. आठवडे गेले. कधी कधी त्यांना वाटे, आपण वेड्यासारखं करतो आहोत, पलीकडे फक्त पानंच आहेत आणि पानंच राहणार. तरीही त्या जात.

एका दुपारी त्या म्हणाल्या, "आज भरीत केलं. हिरव्या वांग्यांचं. कपाशीच्या वाळल्या काट्यांवर भाजून. एकटीला एवढं कशाला करावं, पण वांगं मोठं निघालं. आता दोन दिवस तेच खाऊ."

मग त्या उठायला लागल्या. गुडघ्यावर हात टेकला, चटई गुंडाळायला घेतली.

"मिरची जास्त झाली," पानांच्या आतून आवाज आला. जुना, घोगरा, थोडा रागावलेला. "ठसका इथपर्यंत येऊ राह्यला. पहिल्यापासून तुझा हातच तसा."

ज्योत्स्नाबाईंनी चटई पुन्हा अंथरली.